डावीकडून तिसरी

गुडघ्याला चोळायच्या मलमाचा वास आला की मला खर्डा गावातली एक ओसरी आठवते. तेव्हा मी बायकांच्या कबड्डीचा इतिहास लिहायला घेतला होता, आणि जिल्ह्याच्या जुन्या संघाच्या फोटोतली एक मुलगी या घरात दिली होती, एवढं कानावर आलं होतं. नगरहून एसटीनं एकटीच गेले. म्हातारी बाई गुडघे चोळत बसली होती, शेजारी तिची सून ज्वारी निवडत होती. मी फोटो पुढे केला. बाईनं तो डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिला आणि परत दिला. "मी न्हाई यात. आमी कुठलं खेळायला?" सून हसली. चहा पिऊन मी उठले, तर बाई लंगडत माझ्यासोबत स्टँडपर्यंत आली. एसटी लागल्यावर हळूच म्हणाली, "डावीकडून तिसरी मीच. चड्डी घालून खेळल्याचं कुनाला सांगायचं न्हाई, म्हणून सासऱ्यानं शपथ घातली हुती. सासरा गेला, पन मला सांगाया जमलंच न्हाई. तुमी बी लिहू नका." मग तिनं आपलं माहेरचं नाव सांगितलं. माझ्या पुस्तकात त्या फोटोखाली सहा नावं आहेत, तिसऱ्या जागी 'अज्ञात'. गेल्या वर्षी ती बाई वारली. परवा मी शिकवते त्या वर्गात एका विद्यार्थिनीनं पुस्तकातल्या त्याच फोटोवर बोट ठेवून विचारलं, "मॅडम, ही कोण?" मी म्हणाले, "माहीत नाही." संध्याकाळी घरी आल्यावर त्या बाईचं माहेरचं नाव एकदा मोठ्यानं घेतलं. ऐकायला घरात कोणी नव्हतं.