कान मिटणारी गाडी

नागावातल्या आमच्या आळीने या गाडीच्या तिन्ही पिढ्या पाहिल्या. पहिली शेजारच्या काकांची. चौकोनी डबा, मागच्या दाराला टांगलेली स्टेपनी आणि आत समोरासमोर आडवी बाकं. शाळेत असताना काका कधी अलिबागला सोडायचे, तेव्हा मी नारळांच्या पोत्यांमागे बसायचे. तिथे कुणाशी बोलावं लागत नसे.

दुसरी पिढी आमच्या होमस्टेच्या पाहुण्यांबरोबर आली. कोपरे गोल झाले होते, स्टेपनी पोटाखाली गेली होती. पाहुणे ती आळीच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्यावरच लावायचे.

तिसरी आमची.

बाबांनी ब्रोशर आणलं ते इंग्रजीत होतं, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे आलं. आठवडाभर रोज जेवणानंतर मी बेस, मिडल आणि टॉपची आरती म्हणत होते. बेसला नुसती लोखंडी चाकं. मिडलला मागे एसी आणि सामान बांधायला टपावर दांडे. टॉपला ऑटोमॅटिक गिअर, आणि बटण दाबलं की आपोआप मिटणारे आरसे.

"आरसे मिटून काय करायचं?" बाबा म्हणाले. "गाडीला झोप येते का? मिडल घेऊ, डिझेल. ऑटोमॅटिक कुणाला हवी आहे?"

मला हवी होती. ड्रायव्हिंग क्लासच्या गाडीत क्लच सोडताना प्रत्येक चढावर गाडी बंद पडायची आणि मागचे हॉर्न वाजवायचे. लायसन्स मिळालं, पण चावी कधी हातात आली नव्हती. शिवाय आमच्याकडे नवी गाडी दारात आली की गाडीबरोबर ती आणणाऱ्यालाही ओवाळतात, आणि ओवाळून होईपर्यंत त्याने खाली उतरायचं नसतं. मला ते कुंकू हवं होतं. यातलं काहीच मी कधी बोलले नव्हते. त्या रात्री भाताकडे बघत म्हणाले, "मला. मी चालवणार आहे."

आई वाढता वाढता थांबली. "ऐकलंत ना? मग टॉप."

"ठीक आहे," बाबा म्हणाले. "मग दारापर्यंत हीच आणेल."

आळीत एके ठिकाणी एका बाजूला काकांच्या कुंपणाचा दगडी गडगा आहे आणि दुसऱ्या बाजूला फणस. बाबांनी तिथे नारळ काढायची आकडी आडवी धरून मापं घेतली. काकांची गाडी तिथून वीतभर जागा ठेवून जायची. नाव तेच, म्हणजे गाडीही तेवढीच, असा बाबांचा हिशोब. ब्रोशरमधली रुंदीही मी वाचून दाखवली होती. ती आरसे सोडून दिलेली असते, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

बाबांना शेजारी बसवून शोरूमपासून मी अगदी झकास आले. हसून तोंड मिटत नव्हतं. फणसापाशी नाक आत घातलं आणि दोन्ही बाजूंचे सेन्सर एकदम किंचाळायला लागले.

पुढून काका धावत आले. "हाय, हाय, जागा हाय, ये." मग त्यांनी आरशाकडे बघितलं. "न्हाय."

मागे आळी जमली. कुणी म्हणालं, गडग्याचे दोन दगड काढा. कुणी म्हणालं, ताट इथेच आणा. काका म्हणाले, "गडगा माझा हाय, आधी फणस काढा."

"थांब," बाबा म्हणाले. "तू उतर, मी घेतो."

उतरले की कुंकू गेलं. मी दार उघडलं. ते बोटभर उघडलं आणि फणसाला लागलं. बाबांनी त्यांचं उघडून पाहिलं, ते गडग्याला लागलं. आम्ही दोघं गाडीत अडकलो होतो, मी स्टिअरिंगच्या बाजूला आणि ते दुसऱ्या. मला इतकं हसू आलं की स्टिअरिंगवर डोकं टेकावं लागलं.

"हसतेस काय?"

"बाबा," मी म्हणाले, "गाडीला झोप आली आहे." आणि बटण दाबलं.

घुंऽऽ करत दोन्ही आरसे आत वळले.

"आयला," काका ओरडले, "कान मिटलान गाडीनं!"

मी ब्रेकवरून पाय हळूच उचलला. सेन्सर किंचाळत होते, काका उलटे चालत दोन्ही हातांनी मला बोलावत होते, बाबा वरच्या दांडीला लोंबकळत "सावकाश, सावकाश" म्हणत होते. डावीकडे गडगा, उजवीकडे फणसाची साल, आणि मग एकदम समोर मोकळं अंगण. चाकाखाली लिंबं फुटली.

आई ताट घेऊन पुढे आली. काच खाली करायच्या घाईत माझा हात भलत्याच दांडीला लागला. समोरच्या काचेवर पाण्याची कारंजी उडाली, वायपर नाचायला लागले आणि निरांजन विझलं.

"आंघोळ करून घेतलान," काका म्हणाले. "आता ओवाळा."

आईने निरांजन पुन्हा लावलं. आधी बॉनेटला ओवाळलं, मग खिडकीतून मला. कुंकू लावताना तिचाही हात हसून हलत होता, त्यामुळे ते भुवईपर्यंत आलं.

पलीकडून बाबांनीही कपाळ पुढे केलं.

"तुम्ही नुसते बसून आलात," आई म्हणाली आणि नारळ फोडायला वळली.