सेनापतीच्या नऊ कविता

मी चौथी नापास. पण पोवाडे ऐकून ऐकून तोंडपाठ, म्हणून न्हावऱ्याजवळच्या आमच्या गावात जयंतीच्या कवितांचा परीक्षक मीच. सेनापती आमच्याच मुलखातला, गोऱ्यांविरुद्ध बंड केलेला. पहिला नंबर येईल त्याला आपली कविता स्टेजवर म्हणायला मिळायची.

मला वाचायला वेळ लागतो. म्हणून नावं झाकलेले नऊ कागद सुनेनं वाचून दाखवले, गाईची धार काढून झाल्यावर. बारावी शिकलेली, माहेर केडगावचं.

आठ कवितांत तेच. घोडा वाऱ्यासारखा, तलवार विजेसारखी, आईचं दूध वाघिणीचं, शेवटी फितुराला शिव्या. मला तेच पाहिजे होतं.

नवव्यात घोडाच नव्हता. सेनापती ज्वारीच्या रानात लपलेला. एक बाई भाकरी घेऊन येते, आन् तो हात लावायच्या आधी विचारतो, मागं घरात काय उरलंय? बस, एवढंच. ते वाचताना सुनेचा आवाज हळू झाला. कागद कुणाचा ते मी ओळखलं.

"मामा, ही कशी वाटली?"

"तू वाच फक्त."

जयंतीला देवळापुढं माईक हातात आला. एका घोडेवाल्याला नंबर दिला. तिथंच थांबायचं होतं. पण मनात आलं, उद्या नावं उघडली की गाव म्हणेल, असल्या कवितेला म्हातारा काही बोलला नाही, सुनेपुढं मऊ पडला. मग नववा कागद वर धरला.

"ह्या शहाण्यानं सेनापतीला भाकरीला लावलंय. तलवार कुठंय, तर चुलीमागं. असला सेनापती असता तर गोरा अजून आपल्या चावडीत बसला असता."

गाव हसलं. बायकांत बसलेली सूनही हसली, सगळ्यांचं हसून झाल्यावर, एकटीच.

घरी तिनं ताट वाढलं.

"वाईट वाटलं व्हय?"

"कशाचं, मामा?"

पुढच्या वर्षी कागद आले. मी हाक मारली. ती गोठ्यातून आली, पदराला हात पुसले.

"मला वाचता येत न्हाई, मामा."

पोरगा म्हणाला, "अगं, बारावी झालीस तू."

"विसरले," म्हणाली आन् गेली.

मी आयुष्यात कुणाची माफी मागितलेली नाही, तिचीही नाही मागितली. पहिला कागद घेऊन ओट्यावर बसलो, अक्षरावर बोट ठेवून वाचायला लागलो. घोड्यापर्यंत पोचायला दुपार झाली.