सुपरमार्केटातली शाळा

माझ्या चुलत सासऱ्यांच्या मते जगात ठिकाणं दोनच प्रकारची: शाळेच्या अलीकडची आणि शाळेच्या पलीकडची. आमचं बेंगळुरातलं एचएसआर लेआउटचं घर अलीकडे, विमानतळ पलीकडे, आणि माझं पुणं तर फारच पलीकडे. शाळा म्हणजे जयनगरातली त्यांची जुनी सरकारी प्राथमिक शाळा. ती बंद पडली, मग पाडली, आणि तिथं सुपरमार्केट उभं राहिलं, ही बातमी साऱ्या जयनगराला कळली. अण्णांनी तेवढी ती मनावर घेतली नाही. घरात सगळेच त्यांना अण्णा म्हणतात, मीही म्हणतो.

बेंगळुरात नव्या जावयाला लालबाग दाखवतात, डोसा खाऊ घालतात. मला अण्णांनी सुपरमार्केटात नेलं. दारातच हात धरून थोपवलं. "स्वल्प थांबा जावईबापू, प्रार्थना व्हायची ती इथंच." मग ट्रॉल्यांच्या गर्दीत आम्ही दोघे हात जोडून उभे राहिलो आणि लोक वळसा घालून जात राहिले. पुढे कळलं की तूरडाळ पहिलीत आहे, बिस्किटं दुसरीत, आणि शांपू थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत. तिथून अण्णा अजूनही खाली मान घालून जातात. घरातलं वाणसामानही याच नकाशावर चालतं. "तिसरीच्या मागच्या बाकावरचा गूळ आणा," असं काकूंनी, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, सांगितलं की माझी बायको बरोब्बर गूळ आणते; मी एकदा फिनेल घेऊन आलो होतो. दुकानवाल्यांनी एकदा मांडणी बदलली तेव्हा अण्णा काउंटरवर जाऊन भांडले. "मीठ नापास झालं काय? चौथीतनं खाली कसं उतरलं?"

पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ते फोरमन होते. तिथं नव्या कामगाराला यंत्राच्या आधी शाळेचा इतिहास शिकावा लागे, असं त्यांचे जुने सोबती सांगतात. हा इतिहास दर खेपेला वाढतो. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा शाळेला कौलं होती आणि मागे एक विहीर होती; आता विहिरीचं तळं झालंय आणि मैदान इतकं पसरलंय की अर्धं जयनगर त्यात मावावं. हे सगळं मी कौतुकानं ऐकतो. एकदाच न राहवून विचारलं, "एवढी चांगली शाळा, मग बंद का पडली?" "मुलंच येईनात की." "तुमच्या मुली कुठं जात होत्या?" अण्णांनी चष्मा पुसायला घेतला. "कॉन्व्हेंटला," ते म्हणाले, आणि त्या दिवशीचा इतिहास तिथंच संपला.

गेल्या वर्षी दुकानाची रंगरंगोटी निघाली आणि अण्णांनी हट्टच धरला: 'इथे सरकारी शाळा होती' अशी पाटी रंगवलेल्या भिंतीवर लागलीच पाहिजे. मॅनेजर तरुण मुलगी होती, अदबीनं कन्नडमध्ये म्हणाली, "लावते सर, पण तुमच्याशिवाय आणखी कुणीतरी येऊन सांगायला हवं. वरचे लोक मला विचारतील." झालं, अण्णा शाळेतले जुने सोबती शोधत सुटले. बरेच वारले होते, काही अमेरिकेत मुलांकडे होते, आणि एक महाभाग शाळा बसस्टँडजवळ होती असं शपथेवर सांगत होते. अण्णांचं जेवणावरचं लक्ष उडालं. ज्या माणसाची आम्ही इतकी वर्षं थट्टा केली, त्याला शेवटी खोटं ठरवून घरी पाठवतात की काय, या विचारानं मलाच गलबलून आलं.

अखेर अण्णांच्या वर्गातल्या एक मराठी अक्का सापडल्या. त्यांच्या सुनेनं आधीच बजावलं होतं, "त्यांना हल्ली काही आठवत नाही. कधीकधी मलाही ओळखत नाहीत." तरी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. अक्का आल्या, रेशमी साडी आणि पायात पांढरे बूट.

"अक्का, ही आपली शाळा."

"शाळा कुठली? दुकान की हे."

"आणि मी कोण, सांगा बघू?"

"काय की बाबा."

अण्णांचा चेहरा पार उतरला. मॅनेजर उगाच पिशव्यांचे गठ्ठे नीट करू लागली. अक्कांचे पाय दुखत होते म्हणून सुनेनं गव्हाच्या पिठाच्या पोत्यांशेजारी स्टूल ठेवलं. अक्का बसल्या. क्षणभरानं त्यांनी डोळे बारीक केले, पदर कपाळावर ओढला आणि कुरकुरल्या, "इथं नको ग बसवू मला. खिडकीतनं ऊन येतं तोंडावर. बाईंना कितीदा सांगितलं, जागाच बदलत नाहीत."

समोर सरळसोट भिंत होती, वर ट्यूबलाइट. सुनेनं ते वाक्य कन्नडमध्ये सांगितलं तेव्हा मॅनेजरनं एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा अक्कांकडे, आणि हळूच विचारलं, "पाटीवर काय लिहू, सर?"

अण्णांनी हातानंच तिला थांबवलं. इतिहासाचा एक शब्दही न काढता ते पुढे झाले आणि भिंतीकडे पाठ करून अक्कांच्या समोर उभे राहिले, अगदी त्यांच्या तोंडावर सावली पडेल असे.

"आता बरं?"

"हं," अक्का म्हणाल्या. "आता बरं."