फोर्कवर उभे साहेब

शिवडीच्या गोदामात सुभद्रा घाडीला सगळे ओळखायचे ते तिच्या गुलाबी हेल्मेटवरून. बाकी साऱ्यांची हेल्मेटं पिवळी, हिचं एकटीचं गुलाबी. कारण ती त्या गोदामातली पहिली बाई फोर्कलिफ्ट ऑपरेटर होती, आणि लोअर परळच्या हेड ऑफिसात बसलेल्या कोणाच्या तरी डोक्यात बाई म्हटलं की गुलाबीच येतं. हेल्मेट एक साइज मोठं होतं. जरा वाकलं की डोळ्यांवर यायचं. बदलून द्या म्हणून तिने दोनदा अर्ज केला, तर उत्तर आलं की गुलाबीमध्ये एवढीच साइज मिळते.

आता ऑपरेटर हेही नुसतं म्हणायला. चालवायला मशीन दिली होती कोणी तिला?

सुभद्रा लालबागची. माहेर कणकवलीकडचं, सासर चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर, नवरा हितेंद्र एका केटररकडे कामाला, मुलगी श्रेया अकरावीत. गोदामात ती अकरा वर्षं खोक्यांवर लेबलं चिकटवत होती, तीही उभ्याने. डोळ्यांसमोरून फोर्कलिफ्ट ये-जा करायच्या. दोन लोखंडी फोर्कवर टनभर माल उचलून रॅकच्या चौथ्या कप्प्यात अलगद ठेवायच्या, आणि चालवणारा मात्र आरामात बसलेला असायचा. सुरुवातीला तिला हेवा वाटला तो त्या बसण्याचाच. मग तिच्या लक्षात आलं की गोदामात शब्दाला वजन असतं ते मशीन चालवणाऱ्याच्या. कोणता ट्रक आधी भरायचा ते मॅनेजरसुद्धा त्याला विचारून ठरवतो. लेबलवालीला कोणी कधी काही विचारलं नव्हतं.

अशात कंपनीने 'सोबत' नावाची योजना काढली. कामाच्या जागी सगळ्यांना सामावून घेण्याची योजना. ती घेऊन आला एचआरचा उन्मेष. शिवाजी पार्कला राहणारा, पस्तिशीचा, बोलताना छातीवर हात ठेवण्याची सवय असलेला. 'इन्क्लूजन' हा शब्द तो इतक्या हळुवार उच्चारायचा की समोरच्याला वाटावं, कोणाच्या तरी आजारपणाची चौकशी चालली आहे. सहा बायकांची नावं लिहून घेतली. दोन आठवड्यांचं प्रशिक्षण, रोज समोसा, शेवटी परीक्षा.

शिकवायला कुशाबा तावडे. अठ्ठावन्न वर्षांचा, दिवाळीला निवृत्त होणारा, तोंडाने फटकळ पण हाताने सोनं. गोदामाच्या वळणावर हॉर्न कधी द्यायचा, मास्ट, म्हणजे फोर्क वर-खाली नेणारा उभा खांब, मागे किती झुकवायचा, माल डोळ्यांच्या आड असेल तर रिव्हर्सनेच का जायचं, हे त्याने सुभद्राला जीव तोडून शिकवलं. पहिल्याच दिवशी म्हणाला, "ह्या सगळा विसरलंस तरी चालात. एक विसरू नको. फोर्कार माल चढता, माणूस नाय. देव इलो तरी नाय."

सहाजणींपैकी सुभद्रा एकटी पास झाली. मग कळलं की खरी मेख पुढेच आहे. पास झाल्यापासून सहा महिन्यांत देखरेखीखाली साठ तास मशीन चालवली तर माणूस पक्का ऑपरेटर. नाहीतर सर्टिफिकेट बाद. तिची मुदत दिवाळीला संपत होती आणि कुशाबाची खुर्चीही दिवाळीलाच रिकामी होणार होती. साठ तास भरले तर ती खुर्ची तिची. नवरात्र बसलं तेव्हा तिचे तास किती भरले होते? शून्य. मशीनवर ती चार वेळा बसली होती, चारही वेळा फोटोसाठी, इंजिन बंद ठेवून.

रोज सकाळी ती शिफ्टचा ऑपरेटर रामदास याच्यापुढे जाऊन उभी राहायची. "ताई, आज गर्दी आहे, उद्या बघू," असं तो म्हणायचा. त्याचा उद्या कधी उजाडलाच नाही. गोदामाचा मॅनेजर विनीत म्हणायचा, "माल पडला तर जबाबदार कोण?" रामदासने आठवड्याला मालाने भरलेलं एक लाकडी पॅलेट पाडलं तरी हा प्रश्न विनीतला कधी पडला नव्हता. शेवटी ती उन्मेषकडे गेली. त्याने छातीवर हात ठेवला. "मी तुम्हाला ऐकतोय, सुभद्राताई. तुमचा आवाज आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे," म्हणाला आणि तो महत्त्वाचा आवाज ऐकून घेऊन निघून गेला. सुभद्रा गुलाबी हेल्मेट घालून पुन्हा लेबलं चिकटवायला लागली. त्या दिवसापासून उन्मेषचा हात छातीकडे जाताना दिसला की तिला शिसारी यायची.

दसऱ्याला या गोदामात एक रीत आहे. मशिनी धुऊन पुसून, हळदकुंकू लावून पुजतात, आणि मोठ्या शटरवर अठरा फुटांवर झेंडूचं तोरण बांधतात. तोरण बांधायला शिडी आहे. मागच्या तपासणीनंतर विकत घेतलेली, अजून प्लास्टिकच्या वेष्टनात असलेली. पण ती कोण काढणार? रिकामं पॅलेट फोर्कवर घ्यायचं, त्यावर एकाने उभं राहायचं, मशीनने वर न्यायचं, दोन मिनिटांत काम खलास. वर्षानुवर्षं असंच चालत आलं होतं. आणि वर नेणारा वीस वर्षं कोण होता, तर देव इलो तरी नाय म्हणणारा कुशाबाच. त्याचा नियम दसऱ्याला रजेवर असायचा.

या वर्षी उन्मेष झब्बा घालून, बरोबर फोटोग्राफर घेऊन हजर झाला. सगळ्यांना जमवून म्हणाला, "आज तोरण मी बांधणार, आणि मला वर नेणार आपल्या सुभद्राताई. एक स्त्री पुरुषाला वर उचलते आहे. काय मेसेज जातो बघा."

सुभद्राच्या हातात चावी आली. सहा महिन्यांत पहिल्यांदा तिने खरंखुरं इंजिन सुरू केलं, लिव्हरला हात लावला, फोर्क जमिनीपासून वीतभर उचलले. तळहातापासून कोपरापर्यंत मशीनची थरथर चढली आणि तिला इतका आनंद झाला की समोरची माणसं ती क्षणभर विसरली. मग डोळ्यांवर आलेलं हेल्मेट मागे सारून तिने पाहिलं, तर उन्मेष कोल्हापुरी चपला घालून पॅलेटवर चढत होता.

तिने फोर्क खाली टेकवले आणि इंजिन बंद केलं.

"सर, खाली उतरा. फोर्कवर माणूस उचलायला बंदी आहे. तुम्हीच दिलेल्या पुस्तकात पहिल्या पानावर आहे."

"अहो ताई, दोन मिनिटांचं काम आहे."

"शिडी आहे ना."

"शिडीवर काय मेसेज जाणार?" उन्मेष हसून म्हणाला.

विनीत पुढे आला. "घाडीबाई, सणासुदीला नाट लावू नका. तास पाहिजेत, मशीन पाहिजे म्हणून डोकं खात होता ना? दिली तर हे."

सुभद्राने कुशाबाकडे पाहिलं. तो एक शब्द बोलला असता तरी पुरे होतं. त्याच्या हातात चहाचा ग्लास होता आणि तो ग्लासात असं काही निरखून बघत होता की जणू चहा आयुष्यात पहिल्यांदा पाहतो आहे. उन्मेष आणि विनीतकडून तिची कसली अपेक्षाच नव्हती. कुशाबाचं मात्र तिला लागलं.

ती मशीनवरून उतरली. रामदास चढला. त्याचं हेल्मेट लॉकरमध्ये होतं आणि फोटोत ऑपरेटर बोडक्या डोक्याने दिसला असता तर सेफ्टीचा प्रश्न आला असता. मग उन्मेषच पॅलेटवरून म्हणाला, "ताई, हेल्मेट तरी द्या त्याला." माणूस हवेत उचलायला यांची हरकत नव्हती, डोकं मात्र झाकलेलं हवं होतं. सुभद्राने हेल्मेट काढून दिलं. उन्मेष अठरा फूट वर गेला, एका हाताने मास्ट धरून दुसऱ्याने तोरण बांधलं, फोटो निघाले, पेढे वाटले गेले. तिने पेढा घेतला नाही.

संध्याकाळी फोटो कंपनीच्या इंटरनेटवरच्या पानावर झळकला. वर उन्मेष, खाली मास्ट आणि झेंडूच्या माळांआड रामदासचा चेहरा झाकलेला, नजरेत भरतं ते फक्त गुलाबी हेल्मेट. मजकूर असा की आमच्या पहिल्या महिला ऑपरेटर सुभद्रा घाडी सहकाऱ्याला नव्या उंचीवर नेताना. पाचशे लोकांनी अंगठा दाखवला.

तिसऱ्या दिवशी हेड ऑफिसच्या सेफ्टी विभागाचं पत्र आलं. फोर्कवर माणूस उचलल्याबद्दल ऑपरेटर सुभद्रा घाडी यांचं सर्टिफिकेट स्थगित, खुलाशासाठी हजर राहावं. सहा महिन्यांत मशीनची पहिली फेरी तिच्या नावावर लागली, आणि नेमकी तीच तिने मारली नव्हती.

लगेच उन्मेषचा फोन. "ताई, मनाला लावून घेऊ नका. मी मजकूर टाईप करून ठेवलाय. चूक झाली, पुन्हा होणार नाही, एवढंच. सही करा, वॉर्निंगवर मिटवतो. पुढच्या बॅचला पहिलं नाव तुमचं."

"आणि या वेळची जागा?"

"ती आता कशी मिळणार? थोडं समजून घ्या. माझ्या अख्ख्या प्रोग्रॅमचा प्रश्न आहे."

घरी हितेंद्र म्हणाला, "सही कर आणि मोकळी हो. साहेबांशी वाकडं घेऊन कोणाचं भलं झालंय? आहे ती नोकरी जाईल." तो भित्रा नव्हता, खरंच बोलत होता. सुभद्रालाही नोकरीची भीती होतीच. पण त्या कागदावर सही करायची म्हणजे उन्मेषची चूक आपल्या अंगावर घ्यायची आणि वर त्याचे आभार मानायचे. लेबलं चिकटवत म्हातारी झाले तरी चालेल, एवढं मला जमणार नाही, असं तिने हितेंद्रला सांगून टाकलं.

लोअर परळच्या काचेच्या ऑफिसात सेफ्टीच्या प्रमुख पद्मजा मॅडम बसल्या होत्या. पन्नाशीच्या, कोरड्या चेहऱ्याच्या. शेजारी उन्मेष. आज झब्बा नव्हता. भिंतीवरच्या स्क्रीनवर तो फोटो.

"गोदामातल्या लोकांना विचारलं," पद्मजा म्हणाल्या. "कोणी काही पाहिलं नाही म्हणतात. तावडे म्हणतात, ते चहा पीत होते. फोटोखाली नाव तुमचं आहे. मशीनवर तुम्हीच होता ना?"

"मॅडम," सुभद्रा म्हणाली, "मी मशीनवर असते तर हे साहेब वर गेलेच नसते."

पद्मजांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. स्टिअरिंगवरचा हात स्क्रीनभर पसरला. केसाळ मनगट, त्यात स्टीलचं जाड कडं.

"हा हात कोणाचा?"

"ज्यांना वर नेलं त्यांनाच विचारा. त्यांना वरून सगळं दिसत होतं."

उन्मेषचा हात सवयीने छातीकडे गेला, अर्ध्यावरून परत आला, आणि एका दमात त्याने रामदासचं नाव सांगून टाकलं. वर सांगितलं की तो रामदासच्याच आग्रहामुळे चढला होता. सुभद्राला रामदासबद्दल काडीचं प्रेम नव्हतं. पण ज्याच्या भरवशावर अठरा फूट वर उभा राहिला त्यालाच हा माणूस चार दिवसांनी असा खाली सोडून देतो, हे पाहून, अशा माणसाला आपण घाबरत होतो याचीच तिला लाज वाटली.

सर्टिफिकेट परत मिळालं. रामदासला महिनाभर मशीनला हात लावायला बंदी झाली. उन्मेषला शिक्षा म्हणून दोन तासांचा सेफ्टीचा वर्ग करावा लागला, आणि त्याने त्या वर्गाचाही फोटो पानावर टाकला. फोटो टाकायला त्याला विषय कधी कमी पडला नाही.

सोमवारी सकाळी गोदामाच्या दारात चार ट्रक उभे, मशिनी दोन आणि चालवणारा एकटा कुशाबा. विनीतने चावी सुभद्रापुढे टाकली. "घ्या. दुसरं कोणी नाही म्हणून देतोय." योजना नाही, मेसेज नाही, गुलाबी काही नाही. दुसरं कोणी नव्हतं म्हणून कंपनीने तिला सामावून घेतलं. तिने कपाटातून मापाचं पिवळं हेल्मेट घेतलं, साखळी, तेल, टायर, हॉर्न एकेक करून सावकाश तपासलं. ट्रकवाले हॉर्न मारत राहिले, विनीत घड्याळ दाखवत राहिला, तिने घाई केली नाही. दिवाळीला चौदा दिवस होते. साठ तास त्यात आरामात बसत होते.

पहिलं पॅलेट उचलून ती वळत होती, तेवढ्यात कुशाबा आपली मशीन थांबवून तिच्याजवळ आला. त्याची मान खाली होती.

"तुझा बरोबर होता," तो म्हणाला. "माका तेव्हा बोलूक व्हया होता."

तो थांबला, ती काहीतरी समजुतीचं बोलेल म्हणून. जाऊ दे काका, असं. शिकवलं त्यानेच होतं, आणि दिवाळीला तो घरी जाणार होता.

"हो काका," सुभद्रा म्हणाली. "बोलायला पाहिजे होतं. आता बाजूला व्हा, मागे ट्रक उभा आहे."