भोक कशाला पडलंय?

चाचांच्या शेडमधला एक किस्सा सांगायला घेतला की त्यातून दुसरा निघतो, आणि प्रत्येकात कुठेतरी भोक असतंच!

इब्राहीमचाचांनी अर्धं आयुष्य स्पेनच्या मासेमारी जहाजावर काढलं. आता ते बोर्ली पंचतनला घराशेजारच्या शेडमध्ये जाळी दुरुस्त करतात. तशा जहाजावर नोकरी मिळावी म्हणून मी आणि नीलेश दुपारी त्यांच्याकडे स्पॅनिश शिकायचो. वही नव्हती, वर्ग नव्हता, ते बरंच होतं. वर्गात उभं केलं की माझं तोंडच उघडायचं नाही, म्हणून आठवीत शाळा सुटली होती. मुलाखत मात्र बोलूनच द्यायची होती.

* * *

पहिल्याच दिवशी नीलेशने विचारलं, भोकाला काय म्हणतात?

"कशाला पडलंय ते सांग आधी," चाचा म्हणाले.

जाळं फाटलं तर आगुखेरो. वाळूत खणला तर ओयो. नीलेश म्हणाला, आपल्याकडे एका शब्दात भागतं. चाचांनी त्याच्या हातात फाटकं जाळं दिलं आणि म्हणाले, मग हे वाळू टाकून बुजव!

* * *

चाचांना स्कूटरवरून म्हसळ्याला डॉक्टरकडे नेलं. रस्त्यातला खड्डा म्हणजे बाचे. प्रत्येक खड्ड्याला मी तो शब्द मोठ्याने म्हणायचा, असं ठरलं. म्हसळा येईपर्यंत माझा घसा बसला.

उतरताना चाचा म्हणाले, "तुला बोलता येत नाय असं कोण म्हणतो?"

* * *

मुलाखतीसाठी झुबेदाचाचींनी मला शर्ट शिवला. एक काज लहान झालं, बटण जाईना. चाचा लगेच सांगायला लागले, काजाला ओखाल म्हणतात.

"आता गेलं का बटण?" चाचींनी विचारलं.

* * *

शेडमध्ये बाकडं एकच. मी नेहमी उंबऱ्यावर बसायचो. एकदा चाचा एका बाजूला सरकले, नीलेशला दुसरीकडे सरकवलं आणि मधल्या जागेवर थाप मारली.

"वेको. कुणासाठी तरी सरकून मोकळी ठेवलेली जागा. बस."

तेव्हापासून ती जागा माझी.

* * *

मुलाखत व्हिडिओवर झाली. तिकडच्या साहेबाने जाळं कॅमेऱ्यासमोर धरलं आणि विचारलं, यात आगुखेरो किती? माझ्या आधी नीलेश घाबरून "पुष्कळ" म्हणून बसला होता. पण विणलेल्या चौकटींना आम्ही कधी भोकं म्हटलंच नव्हतं. नीट पाहिलं तर कोपऱ्यात एक जागा फाटलेली.

"उनो," मी म्हटलं. एक.

साहेब हसला. मला घेतलं. नीलेशला पुढच्या वेळी या म्हणाले.

* * *

जहाजावरून पहिला फोन केला, तो चाचींनी उचलला. नीलेशचं कसं चाललंय, मी विचारलं. त्या म्हणाल्या, बाकड्याच्या टोकाला अर्धा लटकून शिकतो बिचारा. मधे सरकला की तुझे चाचा त्याच्यावर ओरडतात.

मी गमतीने म्हटलं, म्हणजे बाकड्याला आगुखेरो पडलाय!

चाचांनी फोन घेतला.

"आगुखेरो नाय रे, पोरा." फोनमधून बाकड्यावर मारलेली थाप ऐकू आली. "वेको."