पहिले तू बैस

"पहिले तू बैस!"

सायकलला नवं कॅरिअर लावलं, की अक्कांचा हा हुकूम ठरलेला. धुळ्यात साक्री रोडला माझं सायकलचं दुकान. अक्का कॉलेजच्या पोरांना जेवणाचे डबे पोचवायच्या. त्या हँडल धरून उभ्या, आणि मी, एवढा पोट सुटलेला दुकानदार, भररस्त्यात कॅरिअरवर! जरा कुरकुरलं की त्यांच्या अहिराणीत, "काढ. यावर मनं काम चालाव नही." म्हणजे, यावर माझं काम चालायचं नाही.

तुम्हीच सांगा, गिऱ्हाईक असं असतं का? मी हौसेनं गिअर दाखवावेत, गादीची सीट दाखवावी, तर "हाई कसाले?" घंटी, मडगार्ड, पेडल अगदी स्वस्तातलं चालायचं. पेडलला जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला की झालं. पण स्पोक, चाकातले छर्रे, ब्रेकचं रबर, कॅरिअर मात्र दुकानातलं सगळ्यात भारी. "वजन उचलस ते भारी दे. बाकीनं ऱ्हाऊ दे."

मी वैतागायचो. अरे, दुकान माझं की हिचं?

मग एकदा अक्का गटाराजवळ सायकलवरून पडल्या, हात मोडला. प्लास्टर निघाल्यावर आल्या त्या नाशिकला नोकरी करणाऱ्या मुलासोबत.

"भाऊ, ही सायकल भंगारात काढा," तो मला म्हणाला. "आईला मी घेऊन चाललोय. या वयात डबे वाहते, लोक मला काय म्हणतील?"

अक्कांनी सायकल स्टँडवरून काढली.

"पहिले तू बैस."

"आई, काहीतरीच काय!"

"बैस म्हणस ना!"

बसला बिचारा. इस्त्रीची पँट, पाय रस्त्याला घासताहेत. आणि पदर खोचून ही बाई निघाली की हो भरबाजारातून! रिक्षावाले शिट्ट्या मारायला लागले. चौकाला वळसा घालून परत आल्या तेव्हा चांगलीच धाप लागली होती, पण मान ताठ.

"पाय मना शेतस, सायकल मनी शे. लोकेस्ले काय?"

मुलगा बूट झटकत उतरला. मग मला म्हणाला, "ब्रेक तरी नवे टाका, भाऊ. भारीतले."

त्यानंतर कित्येक वर्षं अक्कांनी त्याच सायकलवर डबे पोचवले. मागच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. मला अजून करमत नाही. कॅरिअर विकताना आता कुणी भांडत नाही.

परवा मुलगा ती सायकल घेऊन दारात उभा. माझं डोकंच फिरलं. भंगाराचं नाव काढलं असतं, तर मी त्याला हाकलून दिलं असतं.

"नाशिकला नेतोय," तो म्हणाला. "रोज चालवीन म्हणतो. स्पोक भारी टाका. बाकीचं राहू द्या."

टाकले. मग सीट त्याच्या उंचीची करायची म्हणून मी हँडल धरलं नि म्हणालो, "पहिले तू बैस."

तो मागे गेला आणि कॅरिअरवर बसला.