पान न उलटणारी तबस्सुम

प्रश्न अडला की तबस्सुम डाव्या हाताचा तळवा पानावर दाबून धरायची, जणू ते पान कोणी ओढून नेणार होतं. वाशीमच्या आमच्या नीटच्या क्लासमध्ये भौतिकशास्त्र तिच्याइतकं कोणालाच येत नव्हतं. काही समजलं नाही की आम्ही साऱ्या तिच्याकडेच जायचो. सराव परीक्षेत मात्र तिचे मार्क आमच्याहून कमी, कारण निम्मा पेपर कोराच राहायचा.

सर दर आठवड्याला सांगायचे, आधी जीवशास्त्र उरकून घ्या, मग रसायन. अडेल त्याला खूण करा आणि पुढे चला. ती मान डोलवायची. कळतंय तर अडलेला प्रश्न सोडत का नाहीस, असं मी एकदा विचारलं.

"सोडला तं पुढचा प्रश्न दिसतच नाही मले," ती म्हणाली. "मांगचाच दिसत राह्यते."

आधीच्या दोन परीक्षा तिच्या अशाच गेल्या होत्या. हा प्रयत्न शेवटचा. कारंज्याहून स्थळ आलं होतं आणि तिच्या अब्बांनी त्यांना निकालापर्यंत थांबवून ठेवलं होतं. अब्बांचं गाद्यांचं दुकान, त्यावर घर, आणि गल्लीच्या टोकाला क्लास. एवढंच तिचं वाशीम. दुपारी पत्र्याखाली वर्ग तापायचा, आम्ही बाहेर सावलीत डबे खायचो. ती आतच बसून राहायची. बाहेर आले तर परत आत यायची हिंमत होणार नाही, म्हणायची.

मी तिच्या शेजारी बसू लागले. ती अडकली की मी पेनानं बाकावर टकटक करायचे. त्यानं तिचे मार्क वाढले, पण ती खूश नव्हती. "पेपरात थोडीच तू वाजवशील," म्हणाली.

परीक्षेला योगायोगानं तिची जागा माझ्या पुढच्याच बाकावर आली. मी रसायनाला लागले तेव्हा वर पाहिलं, तर तिचा तळवा पानावर. पुन्हा पाहिलं, तरी तिथंच. पर्यवेक्षिका आमच्या रांगेत उभ्या होत्या. टकटक करायची सोय नव्हती; माझा एकच प्रश्न मी तीनदा वाचला. मग तिनं उजव्या हातानं स्वतःचं डावं मनगट धरून उचललं आणि पान उलटलं.

परतताना ऑटोत, अकोला नाक्यापाशी, ती एकदम म्हणाली, "आलं मले त्या मांगच्याचं उत्तर." आणि हसत सुटली. तो एक वगळता पेपर पुरा सोडवला होता तिनं, पहिल्यांदाच.

मार्क चांगले पडले, पण सरकारी जागेला थोडे कमी. खासगी कॉलेजचं नावही घरात निघालं नाही. कारंज्याच्या लोकांना होकार गेला.

मला अमरावतीला प्रवेश मिळाला. निघायच्या दिवशी मी दुकानात गेले. ती मागच्या खोलीत गादीच्या खोळीला टाके घालत होती. मी अब्बांशी बोलून पाहते म्हटलं, तर तिनं मान हलवली. ती सारं बोलून चुकली होती. अब्बाही रडले होते, म्हणाली, पण बदललं काही नाही. तरी मी तिच्यापाशीच बसून राहिले. माझ्यानं उठवेना.

शेवटी तिनंच दोरा तोडला. "जाय तू," म्हणाली. "गाडी सुटन तुही. माह्यापाशी बसून आता दोघी कायले अडकाच्या?"